अंगणात ऐरण मांडताना

उमरेडकडच्या एका गावात माझ्या मामाची शेती आहे. पेरणीच्या आधी वखराच्या पासा शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धार काढून घ्यायला तो दरवर्षी खात्याकडे जातो. आमच्या भागात लोहाराला खाती म्हणतात. आठ वर्षांपूर्वी मी सहज सोबत गेलो, भात्याजवळ बसलो, आणि तिथून उठावंसंच वाटेना. त्या म्हाताऱ्या खात्याला मी काकाजी म्हणतो. आज नागपुरात मानेवाड्याला माझ्या घरामागच्या अंगणात छोटी भट्टी आहे. नोकरी सांभाळून रविवारी पहाटे तिथे काम करतो. ओळखीतले बरेच जण विचारतात की लोहारकामाला सुरुवात कशी करायची, काय घ्यायचं, कुठून घ्यायचं. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

पहिल्याच दिवशी काकाजींनी एक जुनी पट्टी माझ्या हातात दिली होती. मी ती मन लावून ठोकत होतो. त्यांनी माझा हात धरला. "थांब न बापू. रंग गेला त्याचा. थंडं लोखंड हानशील त मनगट जाईल, लोखंडाले काई नाही होत." लोहारकामात जे काही शिकायचं आहे त्यातलं निम्मं या वाक्यात आलं. म्हणून सामानाच्या आधी रंगाबद्दल सांगतो.

रंग

लोखंड तापताना आधी मंद तांबूस दिसतं, तेही फक्त अंधारात. साधारण ६५० अंशांवर ते गडद लाल होतं, ७५० च्या आसपास पिकलेल्या चेरीसारखं लाल, ९०० ला नारिंगी आणि १,०५० ते १,१०० ला पिवळं. साधं लोखंड घडवायचं ते नारिंगी-पिवळ्यात. गडद लालवर आलं की हातोडा खाली ठेवायचा आणि तुकडा परत विस्तवात घालायचा. पिवळ्याच्या पुढे ते पांढरं होतं आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागतात. तिथे लोखंड जळालेलं असतं. तेवढा भाग कापून टाकावा लागतो, तो पुन्हा दुरुस्त होत नाही.

सर्वांत फसवा टप्पा लाल रंग पूर्ण गेल्यानंतरचा. ३०० अंशांच्या आसपास पोलाद ठिसूळ असतं. दिसायला काळं, निवल्यासारखं, पण त्यावर घाव घातला तर तडा जातो. हाताला लागलं तर कातडं सोलून निघतं ते वेगळंच. माझ्या अंगणात एकच नियम आहे: ऐरणीजवळचं प्रत्येक काळं लोखंड गरम आहे असं समजायचं. आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागते का ते बघायचं, मगच उचलायचं.

हे रंग उन्हात दिसत नाहीत. नागपूरच्या उन्हात तर नाहीच नाही. नारिंगी झालेलं लोखंड दुपारी बारा वाजता तुम्हाला राखाडी वाटेल आणि तुम्ही ते जाळून बसाल. भट्टीवर पत्र्याचं किंवा कवेलूचं छप्पर हवं, तीन बाजू मोकळ्या हव्यात आणि जागा सावलीतली हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दोन महिन्यांत मी पहाटे साडेपाचला विस्तव पेटवतो आणि आठला विझवतो. जवळ माठ आणि मीठ-साखरेचं पाणी ठेवतो. डोकं जड वाटलं किंवा घाम यायचा थांबला तर त्या दिवसाचं काम तिथेच बंद करा. भट्टीची धग आणि उन्हाळा मिळून उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

भट्टी घमेल्यात होते

महागडी गॅस भट्टी घेऊन सुरुवात करू नका. बांधकामावरचं जाड पत्र्याचं जुनं घमेलं, चिखल, एक पाइप आणि हवा एवढ्यावर उत्तम भट्टी होते. गावचा खाती जमिनीत खड्डा करून बाजूने हवा देतो. घमेल्याची भट्टी म्हणजे तोच खड्डा उचलून विटांवर ठेवलेला.

मातीत माझी पहिली चूक झाली. अंगण खणलं तर निघाली काळी माती, तीच मळून लिंपली. वाळताना तिला बोटभर रुंद भेगा पडल्या. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणाने. भट्टीला ती चालत नाही. कुंभाराकडची माती आणा, नाहीतर वारुळाची. दोन भाग माती, एक भाग बारीक रेती आणि दोन मुठी धानाचा कोंडा. कोंड्यामुळे माती वाळताना धरून राहते. पाणी इतकंच घाला की गोळा मुठीत दाबला तर बोटांचे ठसे उठतील, पण हाताला चिकटणार नाही. घमेल्याच्या तळाला चार बोटं आणि बाजूंना तीन बोटं जाडीचा थर द्या. मधे ओंजळ मावेल एवढी वाटी ठेवा.

हवेचा पाइप एक इंची, काळ्या लोखंडाचा घ्या. नळाच्या कामाचा चकचकीत पांढरा पाइप घेऊ नका. त्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पाइपचं तोंड वाटीच्या बाजूने, तळापासून तीन-चार बोटं वर, किंचित खाली झुकलेलं ठेवा. तोंडाच्या वर वीतभर विस्तव राहायला हवा. उथळ विस्तवात हवेतला प्राणवायू पुरता जळत नाही आणि लोखंडावर खपल्यांचा जाड थर चढतो. लोहारकामातले निम्मे प्रश्न असे विस्तव उथळ असल्याने येतात.

लिंपलेली भट्टी सावलीत पाच-सहा दिवस वाळवा. मग दोन दिवस नुसत्या काड्यांचा मंद जाळ करा. ओल राहिली तर मातीचे टवके उडतात. याच कारणाने भट्टीत नदीचे गोटे किंवा सिमेंटचा गिलावा वापरू नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

हवेसाठी हाताने फिरवायचा लोखंडी पंखा सर्वांत चांगला. सोडला की हवा बंद, त्यामुळे कोळसा वाचतो आणि लोखंडही जळत नाही. विजेचा ब्लोअर लावलात तर मधे एक झडप बसवा. पूर्ण जोराची हवा फार थोडा वेळ लागते.

कोळसा

नागपूर कोळशाच्या पट्ट्यात बसलेलं शहर आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथेच, उमरेड आणि कामठीच्या खाणी जवळ. त्यामुळे दगडी कोळसा सहज मिळेल आणि चालेल असं मलाही वाटलं होतं. पण भट्टीला लागतो तो तापल्यावर मऊ होऊन एकमेकांना चिकटणारा, कोक होणारा कोळसा. आपल्याकडचा बहुतेक कोळसा त्या जातीचा नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीजघरांना तो ठीक, लोहाराला त्यातून राख आणि खंगर (वितळून घट्ट झालेली राख) फार मिळतो. शिवाय त्याच्या धुराने शेजारी दुसऱ्याच दिवशी दार वाजवतील.

शहरात लाकडी कोळसाच वापरा. तो धूर कमी करतो आणि त्यात गंधक जवळजवळ नसतं, त्यामुळे पोलाद बिघडत नाही. बाभळीचा मिळाला तर उत्तम, टणक असतो आणि टिकतो. पोतं घरी आणलं की तुकडे लिंबाएवढे करून चाळून घ्या. मोठे तुकडे पोकळी सोडतात, भुगा हवा अडवतो. माझ्या भट्टीला तासाला साधारण दोन ते तीन किलो लागतो. बाजूला पाण्याचं टमरेल आणि झारी ठेवा. विस्तव कडेने पसरू लागला की कडेला पाणी शिंपडायचं, जळतं फक्त मधलं ठेवायचं.

लाकडी कोळशाचं नातं या मातीशी फार जुनं आहे. पारशिवनीकडे पेंच नदीच्या काठी नैकुंड आहे. तिथल्या उत्खननात १९७८ ते १९८० च्या दरम्यान लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, साधारण इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली. काटोल रोडकडच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून, म्हणजे दगडांच्या वर्तुळातल्या प्राचीन दफनांतून, लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. त्यांवर दांड्याशी घट्ट बसवायला आडव्या लोखंडी पट्ट्या आहेत. दांडा सैल होऊन पातं निसटू नये, ही काळजी त्या माणसालाही होती. मी कुऱ्हाडीला दांडा बसवतो तेव्हा मला त्या पट्ट्या हटकून आठवतात.

बंद खोलीत किंवा शटर खाली ओढून कोळसा कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

ऐरण, हातोडा, सांडशी

नवी ओतीव पोलादाची ऐरण महाग पडते आणि स्वस्तातली ऐरण बहुतेकदा बीडाची, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाची निघते. बीडाच्या ऐरणीवर घाव घातला की हातोडा मेल्यासारखा बसतो, उसळत नाही, आणि कडा तुटतात. पारख सोपी आहे. सायकलच्या बेअरिंगची गोळी वीतभर उंचीवरून सोडा. चांगल्या पोलादावरून ती उंचीच्या निम्म्यापेक्षा बरीच वर उसळते.

रुळाचा तुकडा घ्या, असं तुम्हाला दहा जण सांगतील. रूळ ऐरणीला उत्तम असतो हे खरं. पण तो रेल्वेचा माल आहे आणि चोरीचा रूळ जवळ बाळगणं १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा आहे. लिलावातून आलेला, पक्की पावती असलेला असेल तरच हात लावा. मी पहिली दोन वर्षं भंगारातून आणलेल्या जाड शाफ्टच्या तुकड्यावर काम केलं. चाळीस किलोचा, गोल, उभा करून बाभळीच्या ओंडक्यात रुतवलेला. वरचं तोंड तळहाताएवढं होतं. घाव बसतो तेवढी जागा पुरते, फक्त घावाखाली भरीव वजन हवं.

उंची अशी ठेवा: सरळ उभे राहा, हात खाली सोडून मूठ वळा. ऐरणीचा माथा मुठीच्या सांध्यांना टेकला पाहिजे. उंच असेल तर खांदा दुखतो, खाली असेल तर कंबर. ओंडक्याखाली रेतीचं तसराळं ठेवलं आणि ऐरणीला जाड साखळी गुंडाळली की टणत्कार बराच बसतो. माझ्या शेजारच्या काकूंनी पहिल्या रविवारी तक्रार केली होती. साखळी लावल्यावर आवाज निम्म्यावर आला आणि त्यांची विळी धार लावून दिल्यावर बोलणंही सुरू झालं.

हातोडा ८०० ग्रॅम ते एक किलोचा पुरे. दुकानातून आणल्यावर त्याच्या तोंडाच्या धारदार कडा ग्राइंडरने गोल करा. नाहीतर प्रत्येक तिरका घाव लोखंडात चंद्रकोरीसारखी खूण पाडतो. दांडा तिवसाचा किंवा धामणीचा मिळाला तर बघा, दोन्ही लाकडं झटका सोसतात. दांडा घट्ट आवळून धरू नका. अंगठा आणि दोन बोटं धरतात, बाकीची दोन फक्त सोबत करतात. मी पहिले सहा महिने आवळून धरत होतो आणि कोपर असं दुखायचं की चहाचा कप उचलवत नसे.

सांडशी सुरुवातीला नकोच. दोन फुटी लांब सळई घ्या आणि टोकावर काम करा, मागचं टोक हातात धरता येतं. दोन-तीन महिन्यांनी सांडशी घ्या, आणि ती तुकड्याच्या मापाची घ्या. ढिल्या पकडीतून सुटलेला लाल तुकडा कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन, पॉलिस्टर अंगाला चिकटून जळतं. पँट बुटाच्या वरून सोडा, दुमडू नका, दुमडीत निखारा अडकतो. डोळ्यांवर चष्मा प्रत्येक वेळी, ग्राइंडरला तर हमखास. आपल्याकडे उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधायची सवय असते. भट्टीजवळ आणि ग्राइंडरजवळ त्याचं एकही टोक मोकळं ठेवू नका. कातडी हातमोजा ओला असेल तर काढून टाका, गरम लोखंड धरलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

लोखंड कुठून आणायचं

नवं साधं लोखंड घ्यायला इतवारीत लोहा ओळीत जा. सकाळी अकराच्या आत गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. मोठा ग्राहक आला की दहा किलोवाल्याकडे कोण बघणार, आणि त्यात त्याची चूक नाही. सळई सहसा सहा मीटरची असते. दुचाकीवर न्यायची तर तिथेच चार तुकडे करून मागा. भाव किलोचा असतो, म्हणून वजनाचा हिशेब घरून करून जा. गोल सळईचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, मीटरमागे किलो मिळतात. १२ मिमी गोल सळई मीटरला ०.८९ किलो. १० मिमी चौकोनी सळई मीटरला ०.७८५ किलो, म्हणजे सहा मीटरला पावणेपाच किलोच्या आसपास. हा हिशेब तोंडावर असला की दुकानदारही तुमच्याशी माहीतगार माणसासारखा बोलतो.

सुरुवातीला १० मिमीची चौकोनी सळई घ्या. बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून घेऊ नका. तिची साल कडक आणि गाभा मऊ असतो, आणि आत काय मिसळलंय ते सळईगणिक बदलतं. शिकताना तुम्हाला कळणारच नाही की हात चुकला की लोखंड.

धारेच्या हत्यारांना कर्ब जास्त असलेलं पोलाद लागतं. साध्या लोखंडात कर्ब ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो, त्याला पाणी पाजलं, म्हणजे लाल करून एकदम गार केलं, तरी ते कडक होत नाही. गाडीच्या कमानीच्या (लीफ स्प्रिंगच्या) पाट्यात तो ०.५ ते ०.६ टक्के असतो. वाडीला अमरावती रोडवर ट्रकच्या गॅरेजांमध्ये कमानवाले आहेत. तिथे तुटलेल्या पाट्याऐवजी नवा पाटा कापताना उरलेला तुकडा मागा. वापरलेल्या पाट्यात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात. दोन दिवस खपून घडवलेला माझा कोयता पाणी देताना मधोमध चिरला, तो अशाच पाट्याचा होता.

एकदा एका दुकानातून मी स्प्रिंगचं पोलाद म्हणून सळई आणली. चार वेळा पाणी दिलं, कानस दर वेळी सहज चालत राहिली. साधं लोखंड निघालं. तेव्हापासून मी दुकानातच विचारतो की ग्राइंडरला लावून बघू का, आणि नाही म्हटलं तर माल घेत नाही. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, थोड्या फांद्यांच्या उडतात. कर्ब जास्त असेल तर ठिणग्या आखूड आणि टोकाला फुटून चांदण्या होणाऱ्या. घरी एक खात्रीचा खिळा आणि एक जुनी कानस ठेवा, दोन्हींच्या ठिणग्या शेजारी-शेजारी बघा. दोन वेळा पाहिलं की डोळा बसतो.

पहिलं काम: भिंतीचा आकडा

आकड्यात टोक काढणं, वाकवणं, पीळ देणं, चपटं करणं आणि भोक पाडणं हे सगळं येतं. म्हणून सुरुवात त्याने करा. सुरी-तलवारीची घाई नको.

सळईचं टोक विस्तवाच्या मधोमध, आडवं ठेवा. खालच्या हवेच्या झोतात थेट खुपसू नका. नारिंगी-पिवळं झालं की ऐरणीच्या पुढच्या कडेवर थोडं तिरकं धरा आणि हातोडाही त्याच कोनात झुकवा. एक घाव, पाव वळसा, एक घाव, पाव वळसा मागे. फक्त दोन बाजू मारायच्या, उरलेल्या दोन ऐरण मारते. आधी चौकोनी टोक काढा. ते हवं तेवढं लांब झालं की चार कोपरे दाबून आठ कोन करा, आणि शेवटी हलक्या घावांनी गोल. सुरुवातीपासूनच गोल ठोकायला गेलात तर टोक आतून पोकळ होऊन माशाच्या तोंडासारखं फाटतं. ही चूक सगळे करतात.

टोकाला करंगळीच्या नखाएवढी गुंडाळी द्या, म्हणजे कपडा फाटणार नाही. टोक कडेबाहेर काढून खाली झुकवा, मग उलटं करून हलक्या घावांनी आपल्याकडे वळवा. आता पुन्हा तापवून आकड्याचा बाक ऐरणीच्या शिंगावर (बाहेर आलेल्या निमुळत्या गोल टोकावर) द्या. शिंग नसेल तर जाड पाइप चालतो. बाक देताना हातोडा शिंगाच्या थोडा पुढे पडला पाहिजे. थेट शिंगावर पडला तर सळई वाकण्याऐवजी चपटी होते.

पीळ द्यायचा तो मधल्या चार बोटं भागाला. तेवढा भाग एकसारखा नारिंगी झाला पाहिजे. कुठे जास्त तापला असेल तर तिथे पीळ दाट पडतो. टमरेलाने दोन्ही टोकांवर पाणी सोडा, खालचं टोक पकडीत धरा, वरचं पान्याने फिरवा. एका दमात पूर्ण वळसा द्या.

मग सळई तोडा आणि वरचं टोक सांडशीने धरून तापवा. चपटं करा आणि खिळ्याचं भोक पाडा. टोच्या (भोक पाडायचं हत्यार) मधोमध ठेवून तीन-चार घाव, मग टोच्या पाण्यात गार करा, नाहीतर तो भोकातच फुगून अडकतो. खालून ऐरण लागल्यासारखा कडक आवाज आला की तुकडा उलटा. तिथे एक गोल काळसर डाग दिसेल, कारण तेवढा भाग ऐरणीला टेकून गार झालेला असतो. त्या डागावर टोच्या ठेवून ऐरणीच्या भोकावर एक घाव घाला, आतली चकती खाली पडते.

शेवटी तारेच्या ब्रशने खपल्या काढा. आकडा काळा झाला पण अजून चांगला गरम आहे, तेव्हा त्यावर जवसाचं तेल सुती चिंधीने चोळा. तेलातून धूर निघाला पाहिजे पण पेट घेता कामा नये. थोडं मेण मिसळलं तर आणखी छान. काळा, मऊ चकाकणारा थर बसतो आणि पावसाळ्यात गंज लवकर धरत नाही. तेलाची चिंधी मात्र कोपऱ्यात बोळा करून टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

असे वीस आकडे करा. मी सव्वीस केले आणि विसाव्यानंतर दोन आकडे एकसारखे यायला लागले.

दुसरं काम: छिन्नी आणि तिचं पाणी

गाडीच्या गोल स्प्रिंगचा वीतभर तुकडा सरळ करून घ्या. पोलादाला साध्या लोखंडासारखं पिवळं करू नका, नारिंगीवर थांबा आणि लाल मंदावली की ठोकणं बंद. टोकाकडे दोन बोटं लांब उतार काढा. घडवून झाल्यावर आत ताण राहिलेला असतो. तो काढायला तुकडा तापवा आणि वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा जागी लटकवून निवू द्या, असं तीन वेळा. मग शेवटचा एकदा तापवून रात्रभर चुलीच्या राखेत गाडा. सकाळी तो कानशीला नरम लागतो. धार कानशीने बसवा, पण कागदासारखी पातळ करू नका, अर्धा मिलिमीटर जाडी ठेवा.

आता पाणी. यासाठी अंगणातला दिवा बंद करा. एक लोहचुंबक तारेला टांगून ठेवा. पुढची दोन इंच सावकाश, हवा कमी ठेवून तापवा आणि मधूनमधून चुंबकाला लावा. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला धरेनासं होतं. धरायचं थांबलं की आणखी किंचित तापवा आणि लगेच उभं तेलात सोडा, वर-खाली हलवत. सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं तेल घ्या, हाताला चांगलं कोमट लागेल एवढं तापवलेलं, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात. गाडीचं जळकं तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. झाकण हाताशी हवं, तेल पेटलं की तेच त्यावर टाकायचं. पाणी कधीच ओतायचं नाही.

निवल्यावर धारेवर कानस फिरवा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर कडक झालं. पण आत्ता ती काचेसारखीच ठिसूळही आहे, हातातून पडली तरी तुटेल. म्हणून विटेच्या तुकड्याने पुढचा भाग घासून लख्ख करा. एक जाड लोखंडी ठोकळा लाल करून ऐरणीवर ठेवा आणि छिन्नीची मागची बाजू त्यावर टेकवा, धार बाहेर. उष्णता मागून पुढे सरकते आणि लख्ख पोलादावर रंग चढत जातात: २२० च्या आसपास फिकट गवती, मग गडद पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. धारेवर हवा तो रंग पोचला की पाण्यात. सुरी-विळ्याला गवती ते तपकिरी, कारण धार टिकली पाहिजे. छिन्नीला जांभळा, कारण तिला घाव सोसायचे असतात. हातोडा बसतो ते डोकं नरमच ठेवा, आणि पुढे ते कमळासारखं पसरलं की कडा घासून टाका, त्यांचे तुकडे उडून डोळ्यात जातात.

काकाजी हे सगळं एकाच तापात करतात. लाल छिन्नीचं फक्त टोक पाण्यात बुडवतात, बाहेर काढून दगडावर दोनदा घासतात, आणि मागच्या भागात उरलेल्या उष्णतेने रंग धारेकडे धावतात. हे सगळं दहा-बारा सेकंदांत. ते डोळे बारीक करून, पापणी न हलवता बघत असतात, तोंडातला खर्रासुद्धा चघळायचा थांबतो. मग एकदम पाण्यात, चर्र आवाज, आणि झालं. त्यांच्याकडे साधं पाणी चालतं, कारण केव्हा काढायचं ते त्यांना कळतं. नवख्याच्या हातून कमानीचं पोलाद पाण्यात तडकतं. तेलानेच सुरुवात करा.

माझी पहिली छिन्नी मी खांडेनवमीला त्यांच्या पूजेत ठेवायला घेऊन गेलो. त्यांनी आधी ती ऐरणीवर हलकेच आपटून कानाशी धरली. चीर असती तर आवाज फुटका आला असता. मग एक सहा इंची खिळा आडवा ठेवून तिने तोडला आणि धार उजेडात धरली. धारेच्या मधोमध केसाएवढा बाक आला होता.

"कोणत्या रंगावर काढली?"

"निळा दिसला तेव्हा, काकाजी."

"जांभळा सरकून गेला बापू. तपकिरी संपून जांभळा सुरू झाला का तवाच पाण्यात घालाची. तू पाण्यापर्यंत जाते तवपर्यंत एक रंग पुढं जाते." त्यांनी छिन्नी परत विस्तवात खुपसली आणि पंख्याचा दांडा माझ्याकडे सरकवला.